खताच्या खोलीतला पडसाद

रडार कुणालाही दोन तासांत शिकवतो, असं मी चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं. वीस वर्षं हवाई दलात रडारच दुरुस्त केलंय हो! आता बारामती-इंदापूर रस्त्यालगत तीन एकर ऊस करतो, म्हणून काय विद्या गंजते?

रविवारी दहाला माझ्याच घरात वर्ग ठरला. साडेनऊला दारात विजयसिंह हजर, घामाघूम! हे साखर कारखान्याचे चिटबॉय. हुद्द्यात बॉय असला तरी वय पंचेचाळीस. कुणाच्या उसाला तोडणीची टोळी कधी, हे यांच्या वहीवर ठरतं. त्यामुळे हंगामात अख्खं गाव त्यांना शोधतं आणि ते अख्ख्या गावाला चुकवतात.

"साहेब, चौकात समदी टपून बसल्यात. तासभर लपवा. उद्या तुमच्या उसाला टोळी!"

माझ्या उसाला तुरा आला होता. रोज वजन घटत होतं आणि माझा जीव तुटत होता. मी त्यांना बैठकीशेजारच्या खताच्या खोलीत बसवलं, लाकडी दार ओढून घेतलं आणि बजावलं, "आजिबात हलायचं न्हाय!"

दहाला नऊ जण जमले, सगळे ऊसवाले. पुढं सत्तरीचे गेणबा आबा, शेजारी ट्रॅक्टरवाले अय्युबभाई.

"विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो का न्हाय? रडार रेडिओची हाक मारतं. पडसाद यायला किती वेळ लागला, त्यावरनं अंतर कळतं."

"चिटबॉयला फोन केल्यावानी," आबा म्हणाले. "पन तितं पडसादच येत न्हाय."

सगळे हसले. दारामागं काही वाजलं नाही. मला हायसं वाटलं.

मग मी काड्यापेटीएवढं रडारचं यंत्र काढून अय्युबभाईंवर रोखलं. पिप, पिप! त्याला जोडलेल्या मोबाईलवर आकडा आला, दोन मीटर.

"साधी यंत्रं नुसतं हलणारं पकडत्यात. हे प्रगत हाय! अय्युबभाई, दगडागत बसा."

अय्युबभाई बसले. यंत्र वाजतच राहिलं.

"श्वासानं छाती हलती ना, तेवढंच ह्याला पुरतं!"

टाळ्या पडल्या आणि मी हवेत गेलो.

"दारापल्याडचं दिसतं का?" आबांनी विचारलं.

"लाकडातनं आरपार!"

बोलून गेलो, मग आठवलं. तोवर आबांनी यंत्र उचलून खताच्या खोलीकडं धरलं होतं. पिप, पिप, पिप!

"तीन मीटर," अय्युबभाईंनी वाचलं. "आत काय हाय?"

"युरियाची पोती."

"पोती श्वास घेत्यात व्हय?"

"मांजर असंल."

"थांबा! साडेतीन झालं. आता चार. लांब चाललंय!"

"आरं, मागं खिडकी हाय!" आबा ओरडले.

सगळा वर्ग घरामागं पळाला, सत्तरीचे आबा सगळ्यांच्या पुढं! विजयसिंह अर्धे खिडकीत, अर्धे बाहेर, अंगभर युरिया.

कुणी बोटही लावलं नाही. चिटबॉयला दुखवून ऊस कोण वाळवून घेणार? त्यांना बैठकीत आणून खाटेवर बसवलं. माझ्या बायकोनं, जयवंतानं, चहा दिला.

"उद्याची टोळी कुनाला दिलीया?" आबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

विजयसिंहांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मी छताकडं बघत होतो. चहा संपेपर्यंत वहीत माझ्या नावावर काट बसली आणि ते नऊ नावांच्या खाली गेलं.

"गुरुजी, लई बेस शिकवलं," जाताना आबा म्हणाले. "एका बैठकीत हातात आलं."

फेब्रुवारी संपत आला. त्या नऊही जणांचे ऊस तुटले, शिवारात माझा एकटाच उभा आहे. जयवंता रोज म्हणते, "लावा की तुमचं यंत्र. टोळी कुठवर आली बघा."

यंत्राचा पल्ला पाच मीटर, तिला काय सांगू? मी आपला सकाळी उठून विजयसिंहांना फोन लावतो. हाक जाते. पडसाद काही येत नाही!