टिलमन यांच्या वारशाचं मूल्यमापन

थोर माणूस गेल्यावर त्याचं मूल्यमापन करणं हे मागे राहिलेल्यांचं कर्तव्य असतं. जिवंतपणी केलं, तर तोही आपलं करू शकतो. आमच्या मराठी मंडळानं हे कर्तव्य कधी टाळलेलं नाही.

अमेरिकेत शिकागोकडच्या शॉमबर्गजवळ आमच्या गावात रेव्हरंड क्लॅरेन्स टिलमन हे कृष्णवर्णीयांचे नेते एक्याण्णवाव्या वर्षी वारले. गावच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव द्यायचा ठराव आला, त्याला विरोधही बराच होता. त्यांची मुलगी लोरेटा मंडळात येऊन म्हणाली, "तुमचं पाठिंब्याचं पत्र मिळालं तर नाव लागेल." आम्ही तिला बटाटेवडे दिले आणि उपसमिती नेमली.

उपसमितीनं नेतृत्वाचे निकष ठरवले: पदवी, शिस्त, आणि मुलं कुठल्या कॉलेजात. टिलमन यांना दहापैकी ४.६ गुण पडले. (चारदा तुरुंगात गेल्याचे दोन कापले. एकदाच गेले असते तर चाललं असतं.) 'कृष्णवर्णीयांचं एकूण नेतृत्व' या सदराखाली रुपालीताईंनी टीप दिली, की आपला समाज एकही मोर्चा न काढता पुढे गेला. टीप एकमतानं मंजूर झाली. समितीत कृष्णवर्णीय कुणी नसल्यामुळे एकमताला वेळ लागला नाही.

अडचण अध्यक्ष दिगंबरकाकांची झाली. १९७४ साली या गावात काकांना, गोरे नाहीत म्हणून, कुणी घर विकत देईना. तेव्हा टिलमन भर थंडीत अकरा दिवस घरांच्या दलालाच्या कचेरीच्या पायरीवर बसले आणि तिथूनच पोलिसांनी टिलमन यांना पकडून नेलं. घर मात्र काकांना मिळालं. (मंडळाचा नोंदणीकृत पत्ता तोच.)

"अहो, ते माझ्यासाठी बसले होते," काका म्हणाले.

"काका, ते पर्सनल झालं," सचिव सिद्धेश म्हणाला. "आपण ऑब्जेक्टिव्ह राहू या ना. उगाच कशाला पॉलिटिक्समध्ये पडायचं?"

"आजोबा, जस्ट राइट द लेटर!" काकांची नात आन्या ओरडली. (ती वर्गणीदार सभासद नसल्यानं हे इतिवृत्तात आलेलं नाही.)

काकांनी पेन उघडलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं. घटनेच्या सातव्या कलमानुसार मंडळ तटस्थ राहिलं.

ठरावाच्या जाहीर सुनावणीला आम्ही सतरा जण आवर्जून गेलो. "बाजूनं कुणाला बोलायचंय?" असं विचारल्यावर लोरेटानं वळून आमच्या रांगेकडे पाहिलं. काका बुटांकडे बघत होते. मला लाज वाटली, पण मी उपसमितीचा निमंत्रक असल्यानं बसून राहिलो. ठराव एका मतानं पडला.

हे वाचून तुम्हाला आमचा संताप आला असेल, तर मंडळ आभारी आहे. सातव्या कलमात त्याचीही सोय आहे: बसल्या जागी आलेला संताप तटस्थ धरावा.