शेऱ्याचा रकाना

आमच्या समोरचे टिपणीसकाका स्वतःच्या घरात शिरण्याआधी बेल वाजवतात. घरात दुसरं कुणीही नसतं. काकू जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. तरी दूध घेऊन वर आले की आधी बेल, मग दोन पावलं मागे, मग जरा वाट बघणं, आणि मग खिशातून किल्ली. नवखा माणूस पाहून चाटच पडतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे नितीन, लोकांच्या घरात शिरायची नोकरी केलेली. आवाज दिल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

म्हणजे चोरीबिरी नव्हे. काका तिकडे विदर्भात एका खाजगी वीज कंपनीत होते. कंपनीचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र, आणि त्याला कोळसा पुरवणारी खाण. खाण वाढली की शेजारचं गाव उठायचं. गाव उठण्याआधी घरोघर जाऊन पंचनामा करायचे ते टिपणीस. दारं किती, खिडक्या किती, विहीर आहे का, झाडं किती, त्यात फळझाडं किती. उभी नोकरी यात गेली. काका निवृत्त होऊन डोंबिवलीत काकूंच्या घरी कायमचे राहायला आले, पण मोजणी काही निवृत्त झाली नाही.

आल्या आल्या आमच्याकडे चहाला आले तेव्हा बसायच्या आधी घरभर नजर फिरवून पुटपुटले, "दारं चार, खिडक्या तीन." गॅलरीतल्या तुळशीपाशी थांबले. "झाड, लहान, एक." आई म्हणाली, "भाऊजी, चहा एक कप आहे, तेवढा मोजा आणि प्या." सोसायटीतला आंबा वर्षानुवर्षं धरत नाही, त्याची नोंद त्यांनी 'मूळ फळझाड, सध्या इतर' अशी करून टाकली. कल्याणला एका लग्नात मांडवाकडे पाहून म्हणाले, "तात्पुरतं बांधकाम." आणि नवरी सासरी निघाली, सगळे डोळे पुसत होते, तेव्हा माझ्या कानात, "ही खरी प्रकल्पग्रस्त." माझं ऑफिस ठाण्याहून शहाडला हललं त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून चौकशी केली, "पुनर्वसन बरं झालंय ना?"

त्यांचा लाडका शब्द मात्र 'निरंक'. सरकारी कागदावर 'काही नाही' असं लिहायचं असलं की हा शब्द लिहितात. काका, तब्येत कशी? निरंक. मुलीचा फोन? निरंक. आज जेवायला काय केलंत? तेही निरंकच, आणि मग आई वाटीभर आमटी पाठवायची.

असा हा माणूस आमच्या गळ्याशी आला तो बिल्डिंग पाडायची ठरली तेव्हा.

आमची 'सुखनिवास' तीन मजली आहे, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी सेक्रेटरी, कारण निवडीच्या मीटिंगला मी उशिरा पोचलेलो. आम्ही आणि काका तिसऱ्या मजल्यावर. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. दिवाळीपासून ती खाली उतरलेली नाही; शेवटचं उतरवलं ते खुर्चीत बसवून, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने पहिल्या मजल्यावरचे गायकवाड. नव्या बिल्डिंगला लिफ्ट होती. मला बाकी काही नको होतं. बिल्डरचा माणूस आला, घट्ट पँट, दोन फोन. म्हणाला, "महिनाअखेरीस सोळाच्या सोळा सह्या पाहिजेत, नायतर आम्ही पुढच्या गल्लीतली बिल्डिंग घेतो." रविवारी सकाळी गच्चीवर पंधरा सह्या झाल्या. काकांनी पेन खाली ठेवलं.

"पंचनाम्याशिवाय सही नाही."

"काका, कार्पेट एरिया मोजलाय ना सगळ्यांचा," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"तो तुमचा. यात शेऱ्याचा रकाना कुठाय?"

मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते एक जाडजूड वही घेऊन तळमजल्यापासून सुरू झालेले. प्रत्येक दारापाशी बेल, दोन पावलं मागे. आत गेले की दारं, खिडक्या, झाडं, आणि शेवटी, "शेऱ्यात काय लिहू? या घरात काय झालं, जे मोजता येत नाही?"

लोक आधी हसले. मग सांगायला लागले. गायकवाड खोपटच्या डेपोतून एसटी काढतात. त्यांनी लिहायला लावलं की त्यांचा गाण्याचा आवाज फक्त याच मोरीत लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रेआजी, ज्यांच्या वडिलांच्या भातशेतावर ही बिल्डिंग उभी आहे, त्यांनी खिडकीतून माडाकडे बोट दाखवलं. "लिव, यो माड माजे बापासनी लावलेला." काकांनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. आजींनी पुन्हा वाचायला लावलं. आमच्याकडे आईने काय सांगितलं ते मी लिहिणार नाही, ते माझ्या वडिलांबद्दल होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळीच मी कागद घेऊन समोरच्या दारात उभा राहिलो. वही टेबलावर उघडी होती. सोळावं पान काकांचं. दारं चार, खिडक्या तीन, झाडं नाहीत. शेऱ्याचा रकाना कोरा.

"काका, तुमचाच राहिलाय?"

काकांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले, "नोकरीत सांगितलेलं, शेऱ्यात काही लिहायचं नाही. लिहिलं की फाइल अडकते. म्हणून मी सगळीकडे निरंक लिहिलं. एका गावात एक म्हातारी होती. म्हणाली, 'या उंबऱ्याले धरून माही पोरगी पह्यल्यांदा उभी रायली, थे बी लिवा ना जी.' मी म्हटलं, आजी, त्याला रकाना नाही. रकाना होता रे. बोटाखालीच होता. तिने मुकाट्याने अंगठा दिला. आता तिथे खाण आहे. काठावर उभं राहिलं तरी तो उंबरा कुठे होता ते कळत नाही."

मी म्हटलं, "मग आता स्वतःचं तरी लिहा."

"काय लिहू? मी इथे राहिलो कधी? नोकरीभर महिन्यातून दोन रविवार. घर तुझ्या काकूचं, सुनंदाचं होतं. तिला विचारायचं राहून गेलं."

 माझा रागबिग कुठल्या कुठे गेला. तेवढ्यात मागे पावलं वाजली. दोन्ही दारं उघडी, आईने सगळं ऐकलेलं. भिंत धरत धरत ती आली आणि काकांच्या खुर्चीत बसली.

"घ्या भाऊजी, लिहा. मला माहितेय."

काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही यायचे असलात की त्या शनिवारी सुनंदा दुपारपासून दाराला कडी लावायची नाही. नुसतं लोटून ठेवायची. मी म्हणायचे, अगं बाई, कुणीतरी शिरेल. तर म्हणायची, बेल वाजवून येतो तो पाहुणा. ह्यांनी आपलं दार ढकलून आत यावं."

काका आईकडे बघत राहिले. "वहिनी, मी दर वेळी बेल वाजवायचो."

"हो."

"दार उघडं असायचं?"

"दर वेळी. बेल वाजली की ती हळूच कडी लावायची आणि मग उघडायची. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि लिहायला घेतलं. अक्षर पंचनाम्याचं, सरळ, कुठेही खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर वही आईपुढे धरली आणि म्हणाले, "पंच म्हणून सही लागेल, वहिनी." आईने केली. मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि सोळावी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुधाला गेले तेव्हा त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मला वाटलं विसरले, मी हाक मारणार होतो. आईने हाताने थांबवलं. दहा मिनिटांनी ते पिशवी घेऊन वर आले. हात सवयीने बेलकडे गेला, तिथे थोडा वेळ राहिला आणि खाली आला.

त्यांनी दार ढकललं आणि आत गेले.