सुगंधेचा तवा आणि देवाचा होकार

यंदाच्या शिमग्यात सुगंधेचा तोरा उतरवला नाही, तर नावाची शेवंती नाही! शेवंतीनं हे ठणकावून सांगितलं. सांगितलं अर्थात आपल्याच चुलीला, कारण सुगंधा तिची शेजारीण होती आणि जिवाभावाची मैत्रीणही.

शिवाय तोरा होता कुठे? तीच तर पंचाईत! सुगंधेचं खळं-अंगण लख्ख, पोरं शहाणी, आवाज गोड, आणि गर्व म्हणून नाही. अशा बाईवर जळायचं म्हणजे फार मेहनत पडते. शेवंती ती मेहनत रोज घेई.

त्यात तेल ओतलं नवऱ्यानं. हरिश्चंद्र मुंबईहून आगबोटीनं मालवणात उतरला, घरी येताना सुगंधेकडे चहाला थांबला आणि घरच्या उंबरठ्यावरच म्हणाला, "घावणे खावचे तर सुगंधावयनीच्या हातचे! काय ती जाळी!"

अकरा महिन्यांनी आलेला नवरा, आणि पहिलं वाक्य हे! शेवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे तांदळाचे घावणे तव्यावरून खरवडावे लागत, आणि पानात चिंध्या पडत. पंधरा दिवसांनी हरिश्चंद्र परत जाणार. त्याआधी एकदा तरी त्यानं "घावणे तुझेच" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

विचार करकरून तिला उमगलं की गुण हाताचा नाही, तव्याचा! सुगंधेचा बिडाचा तवा आजीच्या काळातला, आरोंद्याहून आलेला, काळाकुळकुळीत. शेवंती तडक गेली.

"सुगंधा, एक दिवस तुझो तवो दी गो. माझो न्हानगो पडता."

"घेवन जा गो! इचारतंस कित्याक?" म्हणत सुगंधेनं वर एक नारळही हातात ठेवला. असली बाई!

पहिला घावणा चिकटला. दुसरा चिकटला. तिसरा चिकटून करपला! हरिश्चंद्रानं मुकाट्यानं पेजेचा वाडगा पुढे ओढला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आता करपलेला तवा परत कसा द्यायचा? शेवंतीनं राख घेतली, वाळू घेतली, नारळाच्या सालीचं सोडण घेतलं आणि सगळा मत्सर मनगटात आणून तवा घासला. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल सुटलं, काळेपण गेलं, तवा रुप्यासारखा चमकला. "बघांदे, घासणा म्हणतत तां कसा!" असं म्हणत तिनं तो नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सुगंधेकडे पाहुणे जेवायला बसले, आणि तिच्या संसारातला पहिला घावणा तव्याला चिकटला! शेवंती कुंपणाआडून बघत होती. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

सोमवारी सुगंधा दारात उभी.

"शेवंती, माझ्या तव्याक कोणाची तरी नजर लागली गो! देवळात गाऱ्हाणा घालूचा आसा. तू चल. तुझ्याशिवाय माका कोण आसा?"

देवळात अर्धा गाव जमला होता. विठोबा गुरवानं हात जोडून आवाज लावला.

"बा देवा महाराजा! ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा! जेनी कोणी तेच्या तव्याक नजर लावली आसात, तेचे घावणे जल्मभर चिकटत रवांदेत रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सारं देऊळ गरजलं.

शेवंती नुसती पुटपुटली. सुगंधेनं तिला कोपर मारलं. "मोठ्यान म्हण गो! देवाक आयकाक येवक होया!"

"व्हय... महाराजा!" शेवंती रडवेल्या आवाजात ओरडली.

आठवडाभर तेल पिऊन सुगंधेचा तवा पुन्हा काळा झाला, घावणे अलगद सुटू लागले. शेवंतीचे चिकटतच राहिले. पूर्वी ती तव्याला नावं ठेवायची. आता तेही तोंड उरलं नाही.

हरिश्चंद्र निघायच्या दिवशी सुगंधा वाटेसाठी घावणे घेऊन आली. शेवंतीच्या तव्यावरच्या चिंध्या बघून तिचा जीव कळवळला.

"अगो, तुझ्या तव्याक पण नजर लागली! येत्या सोमवारी तुझा पण गाऱ्हाणा घालूया!"

"नको गो बाय!" शेवंती किंचाळली. "देवाक कित्याक तरास? आमका चिकटलेलेच बरे लागतत!"

हरिश्चंद्राच्या तोंडात सुगंधेचा घावणा होता. घास कसाबसा गिळून तो म्हणाला, "व्हय महाराजा!"