रांगेतला पहिला

"बसनं जायचं आणि बसनंच यायचं. बाबा, ऐकताय ना?" जिलनं फोनवर तिसऱ्यांदा बजावलं.

क्लिफर्ड बूथनं हल शहरात एकतीस वर्षं बस चालवली होती. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचे गचके खायला तो तयार नव्हता. गेल्या वर्षी त्यानं स्वतःच्याच फाटकाचा खांब पाडला आणि लेकीनं त्याला गाडी विकायला लावली, तो राग अजून निवला नव्हता.

"गाडी भाड्यानं घेतोय मी," तो म्हणाला. "तुझ्या आईला अख्खं यॉर्क दाखवतो आणि चारच्या आत मिन्स्टरच्या, त्या थोरल्या चर्चच्या, दारात उतरवतो. आपल्या नातीच्या, फिबीच्या गाण्यातला एक सूरही हुकणार नाही तिचा."

"आणि नाही जमलं तर?"

"लायसन्स तुझ्या हातावर ठेवीन."

"ठरलं! मीही बसनंच येतेय. बसनं कुणी मरत नाही."

शनिवारी क्लिफर्डनं यॉर्कच्या जुन्या तटबंदीला बाहेरून तीन प्रदक्षिणा घातल्या. थोरल्या चर्चचे मनोरे दर खेपेला दिसत, आणि दर खेपेला आत जाणारा रस्ता एक तर उलट दिशेचा निघे, नाहीतर फक्त पायी चालणाऱ्यांचा.

"पाहिलं रे यॉर्क," त्याची बायको मॉरीन दुखरा गुडघा चोळत म्हणाली. "तीनदा पाहिलं. आता कुणाला तरी विचार."

"एकतीस वर्षांत कुणाला विचारलं नाही!"

चौथ्या फेरीला तो इरेला पेटून एका बोळात घुसला. बोळ एका बंद हिरव्या फाटकाशी संपला. नकाशा बघायला तो थांबला, तेवढ्यात मागे एक निळी गाडी येऊन थांबली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. रांग कशाची आहे हे इंग्रज माणूस विचारत नाही. आधी उभा राहतो, मग चहाचा थर्मास उघडतो. मागे फिरायची वाट बंद झाली.

निळ्या गाडीतली बाई खिडकीशी आली. "इथलं पार्किंग कधी उघडतं हो?"

वाट चुकलो म्हणायचं? क्लिफर्डनं छाती काढली. "उघडेल. धीर धरा."

"उघडतंय," असा निरोप मागे मागे गेला. गाड्या चौदा झाल्या. एका लाल गाडीनं बाजूनं पुढे मुसंडी मारली, तर सगळा बोळ चुकचुकला. क्लिफर्ड खिडकीतून गरजला, "ओ साहेब, रांग आहे!" लाल गाडी मुकाट मागे गेली.

चारला वीस मिनिटं उरली. "मी चालत जाते," मॉरीन म्हणाली.

"गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझा आहे. हट्ट तुझा."

तेवढ्यात मागून टाचा आपटत कुणीतरी आलं. "पुढे कोण बसलंय हो? अर्धा तास झाला, आम्ही काय... बाबा?"

"जिल! तू बसनं येणार होतीस ना?"

"ते... बसला गर्दी फार होती."

"कितवी आहेस?"

"अकरावी."

"मग जा अकराव्या जागी. इथं वशिला चालत नाही."

फाटक किलकिलं झालं. सपाता घातलेला एक म्हातारा राखणदार बाहेर डोकावला. "हे काय चाललंय?"

"काय चाललंय?" क्लिफर्ड उसळला. "चाळीस मिनिटं उभे आहोत आम्ही!"

राखणदारानं चौदा गाड्यांवरून नजर फिरवली. एकट्या माणसाला नाही म्हणता येतं. रांगेला नाही म्हणायची त्या देशात छाती कुणाची?

"माफ करा हं," तो पुटपुटला आणि त्यानं दोन्ही दारं उघडली.

आत चर्चच्या सभागृहाचं अंगण होतं, आणि पलीकडच्या टोकाला मिन्स्टरचं दार. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा सोडून क्लिफर्डनं गाडी खांबांमधून लोण्यासारखी आत नेली. चारला आठ मिनिटं असताना मॉरीन दारात उतरली.

एकेक करत गाड्या आत आल्या. मग फाटकाशी कर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. खांब जागच्या जागी होता. अकराव्या गाडीचं दार मात्र चेपून आत गेलं होतं.

जिल लालबुंद होऊन उतरली. क्लिफर्ड सावकाश चालत तिच्यापाशी गेला आणि त्यानं तळहात पुढे केला.

"आण. लायसन्स."