चिप्पा सरांची चौकशी

आमच्या कॉलेजातले चिप्पा सर माणसांशी मराठीत बोलायचे, प्राचार्यांशी इंग्रजीत आणि संगणकाशी तेलुगूत. तेलुगूत म्हणजे एकच शब्द, "एवरु?" म्हणजे कोण. चष्मा कपाळावर चढवून, तोंड पडद्याजवळ नेऊन ते हा प्रश्न इतक्या अदबीनं विचारायचे, की आतून कुणीतरी "मी हाय, सर" म्हणेल असं वाटायचं. पोरांनी त्यांना एवरु सर नाव ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं, आणि माझ्या अंदाजानं आवडतही होतं.

सर सोलापूरच्या पूर्व भागातले. वडील हातमागावर चादरी विणायचे, आणि सर आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. मी नवीन लागले तेव्हा तिसऱ्या वर्षाची मुलं वेब सर्व्हर सुरू करायला शिकत होती. एकाच्या पडद्यावर तक्रार आली, पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे संगणकाचं नंबर घातलेलं दार. एका नंबरावर एक प्रोग्रॅम बसला की दुसऱ्याला तिथं जागा नाही. आमचा नंबर आठ हजार ऐंशी. मी सरळ मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि सर्व्हर गुणी बाळासारखा सुरू झाला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, कोण बसलं होतं तिथं?"

मला काय माहीत!

"म्हणजे न विचारताच उठवलं की."

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. आधी त्या नंबरावर कोण आहे ते शोधायचं. त्याला कुणी सुरू केलं, कधीपासून, काम काय, ते बघायचं. बहुतेक वेळा आपलाच जुना सर्व्हर निघतो, खिडकी मिटली तरी मागं चालत राहिलेला. त्याला थांबायला सांगायचं, हातातलं काम आवरू द्यायचं, आणि तरीही हलला नाही तरच जबरदस्ती. पोरांना एवढा दम नसायचा. ती नंबर बदलून आठ हजार एक्क्याऐंशी टाकायची आणि मोकळी व्हायची. सर खिन्न होऊन म्हणायचे, "पळालात की शेजारच्या दारानं."

हा स्वभाव कॉलेजच्या बाहेरही तसाच. एकदा आम्ही दोघं परीक्षेच्या कामाला मंगळवेढ्याला निघालो होतो. एसटीत एक जागा रिकामी होती, पण तिच्यावर रुमाल होता. सरांनी अख्ख्या बसला विचारलं, रुमाल कुणाचा. कुणीच बोलेना. कंडक्टर म्हणाला, बसा की हो सर. पण ज्याचा रुमाल तो येईल म्हणून सर मंगळवेढ्यापर्यंत उभे राहिले. रुमाल कुणाचाच नव्हता. उतरताना त्यांनी तो घडी करून कंडक्टरकडं दिला. दुसऱ्या एका दिवशी त्यांच्या स्कूटरवर मांजर झोपलं होतं, तर सर रिक्षानं घरी गेले.

अशा माणसाच्या रजेच्या दिवशी आमच्याकडं तपासणी समिती यायची होती. समितीला हजेरीचा नवा प्रोग्रॅम दाखवायचा होता आणि त्याला विभागाच्या मुख्य सर्व्हरवर आठ हजार ऐंशीच हवा होता. तिथं कुणीतरी आधीच बसलेलं. एव्हाना मीही सरांच्या तालमीत तयार झाले होते. चौकशी केली. प्रोग्रॅम कित्येक महिने चालू होता आणि सुरू करणाऱ्याचं नाव होतं स्वाती.

स्वाती म्हणजे सरांची मुलगी, माझीच विद्यार्थिनी. शिक्षण संपवून ती बेंगळुरूला गेली, एवढं मला माहीत होतं. दिवाळीला तिचा फोन यायचा. ती सरांबद्दल कधी बोलायची नाही, आणि सर तिच्याबद्दल.

मी सरांना फोन करून विचारलं, थांबवू का. ते म्हणाले, "राहू द्या. मी येतो."

ते आले तेव्हा अंगात घरातलाच शर्ट होता. त्यांनी ब्राउझर उघडला. पडद्यावर मोठाले चौकोन आले. चौकोनात रंग भरत गेलं की खाली चादरीची नक्षी तयार होत होती. स्वातीनं शेवटच्या वर्षी आजोबांसाठी केलेला तो प्रोजेक्ट. आजोबांची नजर कमी झाली होती, म्हणून चौकोन एवढे मोठे. ती गेल्यावर सर्व्हर कितीदा बदलला, पण दर वेळी सरांनी तिचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर आणून तिच्याच नावानं चालू ठेवला होता.

सरांनी एक चौकोन लाल केला आणि पडद्याकडं बघतच मला सांगितलं. नोकरी लागल्यावर स्वातीनं घरी सांगितलं होतं, की मंगळवेढ्याचा एक मुलगा आहे, लग्न त्याच्याशीच करायचंय. सर म्हणाले होते, मग जा, आणि पुन्हा या घरी येऊ नकोस.

"त्याचं नाव काय, करतो काय, मी एक शब्द विचारला नाही. ती सांगत होती. मी उठून गेलो."

सरांनी प्रोग्रॅम थांबवला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा सुरू केला, आठ हजार एक्क्याऐंशीवर. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. "समिती येईल आता," ते म्हणाले, "आवरा."

समिती चहा पिऊन, समाधानानं माना डोलावून गेली. मग सरांनी माझ्याकडं स्वातीचा नंबर मागितला. घरात काकूंकडं, म्हणजे त्यांच्या बायकोकडं, होताच. सर बाहेर गेले की त्या लेकीशी बोलायच्या. हे सरांना ठाऊक होतं, पण आपल्याला ठाऊक आहे हे काकूंना कळू द्यायचं नव्हतं.

फोन दोनच मिनिटं चालला. सर तेलुगूत हळू बोलत होते, जास्त वेळ ऐकतच होते. ठेवल्यावर म्हणाले, तिला मुलगी झालीय, शाळेत जाते. घरी ये म्हटलं, तर म्हणाली, अजून नको.

त्या हिवाळ्यात जावई एकटा आला. महेश त्याचं नाव. मंगळवेढ्याला आईकडं निघाला होता. सरांनी मलाही जेवायला बोलावलं, त्यांना एकट्याला बोलायला सुचणार नाही म्हणून. पण सुचलं, लईच सुचलं. शेत किती, ज्वारी कशी आली, आईचे गुडघे कसे आहेत, ऑफिसला जायला किती वेळ लागतो. महेश तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसून एकेक उत्तर देत होता. मग सरांनी स्वातीचं विचारायला सुरुवात केली. ती झोपते कधी, चष्मा लागला का, जेवते काय. महेश म्हणाला, सगळं खाते, कारलं तर आवडीनं.

तो गेल्यावर सर बराच वेळ दारात उभे होते.

"कारलं खाते म्हणे," ते मला म्हणाले. "इथं होती तेव्हा ताटाला लागू द्यायची नाही. कधी आवडायला लागलं असेल?"

"डोहाळे कारल्याचेच होते तिला," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

सर आत आले, खाली वाकून महेशचं उष्टं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेले.