आंब्र्यांची नैरोबी

आंब्रे नैरोबीत आयुष्यातला एकच दिवस होते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आखातात, रास अल खैमात ते एकवीस वर्षं होते. पण त्यांच्याशी दहा मिनिटं बोललेल्या कुणालाही वाटे, की हा गृहस्थ मूळचा नैरोबीचा आणि इथे उगीच अडकून पडलाय.

चहाचा पहिला घोट घेतला की, "छे! चहा प्यावा तर नैरोबीला." मेसमध्ये ताट समोर आलं की, "तिथेपण चपातीला चपातीच म्हणतात, ठाऊक आहे? आणि जाड असते. पोट भरतं माणसाचं." बस चुकली, पाण्याचा टँकर आला नाही, कुणाला मूळव्याध झाली, कशावरही आंब्र्यांकडे नैरोबीतला दाखला तयार असे. आठ तासांत एका माणसाने इतके दाखले गोळा कसे केले, हा आमच्या कामगार कॅम्पातल्या थट्टेचा कायमचा विषय होता. फिटर लोक त्यांना तोंडावर 'प्रेसिडेंट' म्हणत. आंब्रे रागवत नसत. हात वर करून सलामी घेत.

मी त्याच कंपनीत ॲडमिनला होतो. म्हणजे सगळ्या कामगारांचे पासपोर्ट ज्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असत, त्याची किल्ली माझ्याकडे. तेव्हा तिकडे सर्रास अशीच रीत होती. माणूस विमानातून उतरला की पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात. रजा मंजूर झाली तरच तो बाहेर यायचा, आणि तेव्हाही दुसऱ्या कुणीतरी जामीन म्हणून सही करायची. गेलेला परत आला नाही तर जामीन राहिलेल्याची रजा रद्द. गावाकडे म्हैस चरायला सोडतानाही इतका बंदोबस्त करत नाहीत. मी हे काम बिनबोभाट करायचो, वर विनोदही करायचो. लोक मला भला माणूस म्हणत, कारण मी 'नाही' मराठीत सांगायचो.

आंब्रे एसी मेकॅनिक. गाव राजापूरच्या अलीकडे. अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. बंद पडलेल्या एसीला आधी थोपटायचे, "यल्ला बाबा, ऊठ," म्हणायचे आणि मगच स्क्रू काढायचे. कंपनीतल्या सगळ्या साहेबांना थंड ठेवायचं काम त्यांचं, आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीतला एसी आठवड्यातून तीनदा बसायचा.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये ते रजेचा अर्ज घेऊन आले. मे महिन्यात मुलीचं लग्न होतं. एकुलती मुलगी. मॅनेजरने पुरता न वाचताच अर्ज परत केला. "मई में एसीवाले को छुट्टी? पागल है क्या?" नकाराचं पत्र मीच टाइप केलं. आंब्र्यांनी ते वाचलं, घडी करून टेस्टरच्या मागे ठेवलं आणि म्हणाले, "टायपिंग सुबक आहे तुमचं, पाटणकरसाहेब."

लग्नाच्याच आठवड्यात नैरोबीतल्या एका गिऱ्हाइकाचं फुलांचं शीतगृह बंद पडलं. मशीन आमच्या कंपनीने विकलेलं. तिकडे फुलं सडायला लागली, इकडे फोन खणखणायला लागले. मॅनेजरने आंब्र्यांना बोलावलं. लग्नाला जायला रजा नव्हती, नैरोबीला जायला होती. "जा, तेरा घूमना भी हो जाएगा," तो म्हणाला. उपकारच केल्यासारखं म्हणाला. शुक्रवारी पहाटे निघायचं आणि संध्याकाळच्या विमानाने परत यायचं. लग्न रविवारी होतं.

जामीन राहायला कुणी पुढे येईना. मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलेल्या बापाच्या हातात पासपोर्ट द्यायचा, आणि तेही नैरोबीला, जिथून मुंबईला थेट विमान जातं. कोण सही करणार? शेवटी मॅनेजर मला म्हणाला, "तू कर." मी केली. पुढच्या बुधवारपासून माझी रजा होती. पुण्यात बायकोचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. पासपोर्ट हातात देताना मी आंब्र्यांना हसत हसत म्हटलं, "आंब्रे, सही माझी आहे हं. बुधवारी माझं विमान आहे." हसत हसत म्हटलं म्हणजे ती धमकी नव्हे, अशी मी पुढे बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली.

शनिवारी सकाळी आंब्र्यांनी पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. रविवारी, लग्नाच्या दिवशी, ते आमच्याच ऑफिसच्या गच्चीवर भर उन्हात एसीचा पंखा बदलत होते आणि हाताखालच्या मल्याळी हेल्परला सांगत होते, "अरे, नैरोबी में क्या ठंडी, क्या ठंडी!" तिथून जी नैरोबी सुरू झाली ती थांबलीच नाही.

गोष्ट कायम तशीच्या तशी. शारजाला देसायांच्या घरी गणपतीला आम्ही मराठी माणसं जमायचो, तिथे तर आरतीनंतर प्रसाद आणि नैरोबी हा क्रम ठरलेला. "साडेदहाला मशीन चालू! एक रिले गेला होता. एवढ्याशा रिलेसाठी मला विमानात घातलं. मग काय, दिवस मोकळा. दोन शर्ट एकावर एक चढवले आणि निघालो. पासपोर्ट इथे." असं म्हणून छातीवरचा खिसा थोपटायचा. दर दोन वाक्यांनी थोपटायचा.

"मटाटू म्हणजे व्हॅन. चौदा सीटमध्ये बावीस माणसं, कंडक्टर दाराबाहेर लोंबकळतोय, आत गाणी अशी की स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. पण कोणी कोणावर खेकसत नाही. इथे लिफ्टमध्ये आपण डांगरी घालून चढलो तर बाई नाकाला रुमाल लावते. मी मटाटूत बसलो, पासपोर्ट इथे. मोठ्या मोठ्या बिल्डिंगा. सुटातला साहेब काळा, त्याला सलाम ठोकणारा वॉचमनपण काळा. सगळे त्याच गावचे! मी फुटपाथवर उभा राहून बघतच बसलो. बाजारात एक गुजराती कापडवाला भेटला. विचारलं, शेठ, इंडिया कब जाते हो? म्हणतो, किसलिए? घर तो इधर है. मग कणीस खाल्लं, भाजलेलं, वर लिंबू-तिखट. आपल्यासारखंच. मग बागेत गवतावर आडवा झालो. दोन तास झोपलो! कोणी उठवलं नाही. कंपनी कुठली, कार्ड कुठे, कोणी विचारलं नाही. पासपोर्ट इथे."

देसायांच्या मुलीने एकदा विचारलं, "अंकल, डिड यू सी लायन्स?"

"नाही गं बाय. शहरात कुठले सिंह? माणसंच होती सगळी."

"सो बोअरिंग," म्हणून ती टीव्हीकडे वळली. आंब्रे सगळ्यांबरोबर हसले.

"आणि पाच वाजता?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"पाच वाजता खलास," म्हणायचं आणि कप विसळायला उठायचं. पाचनंतरचं त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही त्यावरही विनोद केले. विमानातल्या बाईने तोंडात मारली असेल, असं मीच एकदा म्हटलं होतं. चांगला हशा आला होता.

दोन हजार तीनमध्ये कंपनीने आंब्र्यांना घरी बसवलं. वय झालं, गच्चीवर चढवेना. व्हिसा रद्द झाला, पासपोर्ट मी कपाटातून काढून दिला. या खेपेला जामीन नको होता. परत येणार नाही अशा माणसाची कंपनीला काळजी नसते. विमानतळावर सोडायला मी माझी गाडी काढली. वाटेत काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "प्रेसिडेंट, आज तरी सांगा. पाच वाजता काय झालं?"

त्यांनी काच थोडी खाली केली. "काय व्हायचंय? एअरपोर्टवर गेलो. दोन रांगा होत्या, शेजारी शेजारी. एक दुबईची, एक मुंबईची. मी मुंबईच्या रांगेत उभा राहिलो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"पैसे होते. लग्नासाठी म्हणून जवळच ठेवले होते. काउंटरवरची बाई म्हणाली, सीट आहे, सकाळी मुंबई. म्हणजे रात्रीपर्यंत गाडी पकडून घरी. हळद हुकली असती, पण लग्न मिळालं असतं."

"मग?"

"मग तुमची सही आठवली. लांबलचक सही तुमची, खाली दोन टिंबं. कंपनीचं म्हणाल तर तिच्या नावाने मी आंघोळच केली असती, पाटणकरसाहेब. पण तुमच्या घरात बाळंतपण होतं. एकाने तरी पोचलं पाहिजे ना. रांग सोडली. मागचा माणूस खूश झाला."

मला लाज वाटली. त्या बुधवारी मी गेलो होतो. मुलगा माझ्यासमोर जन्मला. परत आल्यावर मी कॅम्पभर पेढे वाटले, आंब्र्यांनी दोन घेतले, मुलाचं वजन विचारलं, नाव विचारलं. त्यांच्या मुलीचं लग्न कसं झालं हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारणं म्हणजे निर्लज्जपणाच होता. तरी विचारलं.

"झालं की. छान झालं," ते म्हणाले. "फोटो आले होते. कन्यादान धाकट्या भावाने केलं. माझ्याच सफारीत. मी इथे शिवून घेतली होती, अर्ज करायच्या आधीच. मग दिली पाठवून एकाबरोबर. शोभली त्याला." आणि जरा वेळाने, "बाह्या तेवढ्या लांब झाल्या."