मामांच्या ताटातली नळी

सासऱ्यांना एकदा घरी जेवायला बोलवावं, एवढंच माझ्या मनात आलं होतं. एरवी सासरे जावयाला बोलावतात. हे उलटं करायला गेलो तिथंच मला कुणीतरी धरायला पाहिजे होतं, पण धरणारी माणसं नेमकी उचगावला गेली होती.

माझं नाव आदर्श. (नाव ठेवताना घरच्यांनी मला नीट बघितलं नसावं.) मूळ गाव कोडोली, नोकरी पन्हाळ्याला तालुका कचेरीत क्लार्कची, आणि बिऱ्हाड कोल्हापुरात. कारण बायको तेजस्वी इथं शाळेत शिकवते, आणि चिंचेश्वर तालमीचा ढोल ऐकू येणार नाही अशा घरात तिला झोप लागत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी तिसरीत गेली, तरी गल्ली मला अजून 'पावणं' म्हणते.

आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. तालमीची फुटबॉल टीम असते, आणि टीम हरली की त्या गल्लीत चूल पेटत नाही. चिंचेश्वरच्या टीमची मागची फळी सांभाळतात जोतीराममामा, म्हणजे माझे सासरे. एके काळचे फुलबॅक, आता डिफेन्सचे कोच. मुख्य कोच दर सिझनला बदलतो, मामा मात्र तालमीतल्या मारुतीसारखे जागचे हलत नाहीत. यंदा त्यांच्या कृपेनं आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो. एकही जिंकलोही नव्हतो.

"पाच माणसं मागं," आरिफ कट्ट्यावर सांगत होता. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान कट्ट्यासमोरच आहे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी तिथं काहीही दुरुस्त होत नाही. "गोलकीपर धरला तर सहा. मधी चौघं, ती बी मागं बघतच पळत्यात. पुढं एकटा राजवीर. त्याला बॉल कवा मिळतो? हाफटाइमला, हातात धरायला."

"गोल खाल्ला का यंदा?" शमशुद्दीनचाचांनी विचारलं. चाचा म्हणजे मामांच्या वेळचे गोलकीपर आणि गल्लीत उरलेले मामांचे एकुलते वकील.

"केला तरी का, चाचा?"

"खाल्ला का, तेवढंच सांग की."

"उपाशी माणूस बी काय खाईत न्हाय," आरिफ म्हणाला. "म्हणून त्याची तब्येत चांगली हाय म्हणायचं व्हय?"

तालमीचे अध्यक्ष बाळासो तिथंच होते. ते नुसते मिशी कुरवाळत बसले, आणि बाळासो मिशीला हात लावतात तेव्हा कुणाची तरी खुर्ची हलत असते, हे मलासुद्धा कळतं.

आदल्या दिवशीच्या मॅचला समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं होतं, "गोलपोस्टाला कुलूप लावा आन किल्ली घिऊन घरला जावा." त्याला आमचीच माणसं हसली. मामा खाली बाकड्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, नुसती बुटाची नाडी सोडून परत बांधली. मला ते फार लागलं. तेजस्वीची आई गेल्यापासून या माणसाला सकाळी उठायला दुसरं कारणच राहिलं नव्हतं. पहाटे पोरांना पळवायचं, संध्याकाळी पोरांना शिव्या द्यायच्या, मधल्या वेळेत शिव्या जुळवायच्या. तेही गेलं तर ते काय करणार होते?

म्हणून मी ठरवलं, रविवारी तेजस्वी बहिणीकडं उचगावला जाणार आहे, तेव्हा आपण स्वतः मटण करून मामांना खायला घालायचं. जरा बरं वाटेल त्यांना.

आता मला त्या वेळी जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, तुम्ही तरी अंधारात राहू नका. चिंचेश्वर तालमीत कुणालाही 'तू जा' म्हणून सांगत नाहीत. पहिलवान माणसं; शब्दाला शब्द लागला तर वीट हातात येते. म्हणून फार वर्षांपासून तिथं रिवाज आहे. ज्याला काढायचं त्याला मटणाला बोलवायचं. अध्यक्ष आणि दोन पंच (सध्या आरिफ आणि शमशुद्दीनचाचा) पंगतीला बसतात, नळी त्या माणसाच्या ताटात वाढतात. त्यानं नळीतला गर ओढून नळी रिकामी केली आणि ताटाच्या कडेला ठेवली की विषय संपला. ढेकर देऊन माणूस मोकळा होतो. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोडोलीच्या पदवीधराला नव्हतं.

मी सगळ्यात आधी गेलो बाळासोंकडं. एकट्या मामांना जेवायला कंटाळा येईल, म्हणून पंगत.

"बाळासो, रविवारी दुपारी घरी या. मामांसाठी मटण करतोय. आरिफ आणि चाचांना पण सांगतो."

बाळासोंचा मिशीवरचा हात थांबला. "तुम्ही स्वतः करणार? जावई असून?"

"जावई आहे म्हणूनच. घरच्या माणसानं करायचं नाही तर कुणी?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. "आम्हाला जमत न्हवतं, पावणं. तुम्ही सोपं केलंसा."

आरिफनं तर मला मिठीच मारली. "लई मोठं काळीज लागतंय याला," तो म्हणाला. मला वाटलं, गल्लीत मटणाला एवढी किंमत आहे हे आपल्याला आधी कसं कळलं नाही.

मग मामांना फोन केला. मटणाला या म्हटलं.

"आणि कोण कोण हाय?" मामांनी विचारलं. मी नावं सांगितली.

"आन नळी?"

"नळी तुम्हालाच, मामा. दुसऱ्या कुणाला देतोय होय?"

"बरं. येतो." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तेजूला ठाव हाय का?"

"छे, तिला पत्ताच लागू दिला नाही."

"नका सांगू तिला. वाईट वाटून घील." मी मनात म्हटलं, खरंच आहे, मटण हुकलं म्हणून ती चिडणारच.

रविवारी तेजस्वी पोरीला घेऊन उचगावला गेली आणि मी मोबाईल फडताळाला टेकवून स्वयंपाकाला लागलो. मटण कोवळं आहे असं दुकानदार म्हणाला होता, त्यावर विश्वास ठेवून कुकर लवकर उतरवला. मटणाच्या आळणी पाण्यात मीठ घातलं. मोबाईलवरच्या बाई 'आता मीठ घाला' म्हणाल्या तेव्हा पुन्हा घातलं. (बाईंचा शब्द मोडायची मला सवय नाही.) तांबड्या रश्श्याला घरची कांदा-लसूण चटणी हात सैल सोडून टाकली. राहिला पांढरा रस्सा. नारळाचं दूध मंद आचेवर ढवळत राहायचं असतं म्हणे. मला घाई. गॅस मोठा केला, आणि बघता बघता पातेल्यात पाणी एकीकडं, खोबरं एकीकडं आणि मध्ये सीमावाद सुरू झाला.

बाळासो, आरिफ, चाचा येऊन बसले, मग मामा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, दाढी केलेली. बसायच्या आधी त्यांनी खिशातून रुमालात बांधलेली पुडी काढली. आत त्यांची शिट्टी आणि बॉल ठेवायच्या खोलीची किल्ली.

"हे तुमच्याकडं ठिवा, आदर्शराव," ते म्हणाले. जेवताना रश्श्यात पडू नये म्हणून काढली असेल, असं समजून मी शिट्टी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. ती अडकवताना चाचांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

ताटं मांडली होती. बाळासोंनी मामांच्या ताटातली लिंबाची फोड उचलून पुढं सरकवली. "जोतीराम, एकदा तरी माणूस पुढं सोडायचा हुतास रं."

मामांनी कांद्याच्या पाच चकत्या ताटाच्या कडेला एका ओळीत लावल्या. "सोडला की हुता. मी सोता गेलतो पुढं, फायनलला. टाळ्या बी पडल्या. आन माझ्या मागनं त्यांचा पोरगा मोकळा सुटला." त्यांनी लिंबू परत कांद्यामागं आणून ठेवलं. "पुढं गेल्याला माणूस येळंत मागं यीत न्हाय, बाळासो. त्या गोलची शिटी मला अजून ऐकू येती."

तेवढ्यात दाराशी स्कूटर करकचून थांबली. तेजस्वी होती, पोरीला बहिणीकडंच ठेवून आलेली. आत आली, चार पाहुणे बघितले, खिळ्यावरची शिट्टी बघितली आणि माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुम्ही माझ्या आप्पांना काढलंत?"

"कुठून?"

"उचगावात बायका मला विचारतायत. तुझ्या नवऱ्यानंच बापाचं मटण घातलं म्हणे." आणि मग तिनं तो रिवाज मला सांगितला.

"मी जाऊन सांगतो, चूक झाली म्हणून."

"पंगत बसल्यावर उठवता येत नाही. आप्पांनी नळी संपवली की झालं."

मी आयुष्यात कधी शूरपणा केलेला नाही, पण त्या क्षणी मला सुचलं. मी मिठाचा डबा उघडला. "अख्खा डबा ओततो रश्श्यात. कुणाला घास गिळता येणार नाही. नळी राहील तशीच."

तेजस्वीनं माझा हात धरला, डावानं दोन्ही रस्से चाखले आणि ओट्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळानं तिला श्वास घेता आला.

"डबा ठेवा खाली," ती म्हणाली. "गरज नाही."

वाढलं. बाळासोंनी पहिला भुरका मारला आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामाच करून ठेवला. आरिफ कोरडी भाकरी खाऊ लागला. चाचा म्हणाले, "माझा आज उपास हाय, इसरलोच." मामा मात्र जेवत होते. मान खाली घालून, घासामागून घास.

"आप्पा, नका खाऊ. लई खारट झालंय," तेजस्वी म्हणाली.

"जावयानं केलंय," मामा म्हणाले. "तुझी आई गेल्यापास्नं मला कुणी म्हटलं न्हाय, या, मी तुमच्यासाठी करतो म्हणून. काढायला का असंना, बोलावलं की."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "मामा, मला ही पद्धत माहीत नव्हती. तुम्ही त्या दिवशी बाकड्यावर नाडी बांधत होता ते मला बघवलं नाही, म्हणून मी तुम्हाला नुसतं जेवायला बोलावलं होतं."

मामा माझ्याकडं बघत राहिले. हातातला घास हातातच राहिला.

"नुसतं जेवायला?"

"नुसतं जेवायला."

"तरी ताट वाढलंय," बाळासो ओशाळून म्हणाले. "रिवाज हाय. नळी घ्यावी लागंल, जोतीराम."

मामांनी नळी उचलली, ओढली. काही नाही. ताटावर आपटली. काही नाही. मटणच कच्चं, गर सुटणार कुठून? आरिफनं चमच्याचा दांडा घालून बघितला, दांडा वाकला. शेवटी बाळासोंनी स्वतः नळी तोंडाला लावली आणि कानशिलं लाल होईपर्यंत ओढली. मग ती काळजीपूर्वक मामांच्या कांद्याच्या ओळीमागं ठेवली.

"नळी भरलेली हाय," त्यांनी जाहीर केलं. "म्हणजे काय ठरलं न्हाय. जोतीराम हाय तिथंच हाय."

"गोल गेला न्हाय म्हणा की," चाचा म्हणाले आणि उपास मोडून त्यांनी कांद्याची एक चकती खाल्ली. तेजस्वीनं खिळ्यावरची शिट्टी काढून बापाच्या गळ्यात घातली. मामांनी डोळे पुसले आणि तिखटाला शिव्या दिल्या.

पुढच्या मॅचला मामांनी कुणाला न सांगता राजवीरच्या जोडीला एक माणूस पुढं सोडला. आम्ही एक गोल केला आणि एक खाल्ला. पुन्हा बरोबरी. आरिफ आणि चाचा दोघंही आपलंच खरं ठरलं म्हणून गल्लीभर पेढे वाटत होते.

मामा आता दर रविवारी आमच्याकडं जेवायला येतात. स्वयंपाक तेजस्वी करते, मला गॅसजवळ उभं राहायला बंदी आहे. पण तालमीत माझी किंमत वाढली आहे. परवा ढोलपथकाच्या प्रमुखाबद्दल कुरबुर सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः दीड किलो मटण घेऊन माझ्या दारात उभा.

"मला जेवायला बोलवणार हायत म्हणं," तो हात जोडून म्हणाला. "पंगत कुठंबी हू द्या, पावणं. रांधायला तेवढं तुम्हीच या."